झाकण लावलं की जमीन बिचकते

मागे आवाज येतोय ना? बरं. पाऊस लागला की अर्धं इंदूर चोरलकडे धावतं, तुम्हीही गेला असाल, पण तिथल्या सागाच्या जंगलात पायाखाली काय चाललंय हे बघायला कोणी वाकत नाही. मुळं, बुरशी, मातीतले जंतू रात्रंदिवस कार्बन डायऑक्साइड सोडत असतात, आणि जगभरातल्या जमिनीचा हिशोब लावला तर तो आपल्या गाड्या-कारखान्यांच्या धुराच्या कित्येक पट निघतो. घाबरू नका, झाडं जवळपास तेवढाच परत ओढून घेतात. आपण कुठे ओढतो!

मोजायचं कसं, तर ऐकायला एकदम सोपं. पीव्हीसी पाइपचा वीतभर रुंद तुकडा घ्यायचा, दोन-तीन सेंटिमीटर जमिनीत रुतवायचा, वर झाकण, आणि आतली हवा बारीक नळीने ॲनालायझरमध्ये, म्हणजे गॅस मोजणाऱ्या यंत्रात, फिरवून परत आत सोडायची. ॲनालायझरमध्ये इन्फ्रारेड दिवा असतो, समोर सेन्सर, आणि ४.२६ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश कार्बन डायऑक्साइड गिळतो, म्हणजे प्रकाश जितका कमी पोचला तितका गॅस जास्त. स्क्रीनवर ४३० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख कणांत ४३० कण, असं दिसतं, मग ४३१, ४३३, दोन मिनिटांत पावणेपाचशे. हे किती वेगाने चढलं तेच आपलं उत्तर.

पण जमीन बिचकते हो. पाइपची ही रिंग ठोकली की मुळं तुटतात, माती हलते, आत कोंडलेला गॅस भसकन बाहेर येतो, म्हणून रिंग निदान आदल्या दिवशी लावून ठेवायची. मी पहिल्यांदा लावली आणि लगेच मोजलं, आकडे असे झकास आले की दोन दिवस सगळ्यांना दाखवत फिरलो. सगळे फुकट! दुसरी गंमत आपल्या श्वासाची. उच्छ्वासात जवळजवळ ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम कार्बन डायऑक्साइड, मग झाकण लावताना वाकून बघितलंत की तुम्ही जमीन नाही, स्वतःला मोजताय.

जमिनीतून निघणारी पाण्याची वाफही याच झाकणाखाली मोजतात, तिचं तर आणखी अवघड. आपल्याकडे पोहे वाफेवर ठेवतात ना, झाकण उचललं की आतून पाणी टपकतं, तसंच इथे. आतली हवा दमट झाली की जमिनीतून वाफ निघणंच मंदावतं, थोडी नळीला चिकटते, म्हणून वाफेसाठी झाकण लावल्यावरचे पहिले काही सेकंदच कामाचे. शिवाय ती वाफ आत जागा खाते, हजार कणांत ५ कण जरी वाढली तरी ४३० चे ४२८ दिसतात. पावसाळ्यात २ पीपीएमने काय होतंय, पण मे महिन्यात सुकलेल्या मातीतून सगळे मिळून पंधरा-सोळाच वाढत असतील तर तिथे २ म्हणजे मोठी चूक, म्हणून वाफ सोबत मोजून आकडा कोरड्या हवेवर, म्हणजे वाफ वगळून, आणावाच लागतो.

आणि त्याच मे महिन्यात रिंगमध्ये पेलाभर पाणी ओतून बघा! आकडा उडीच मारतो. पाणी शिरताना मातीतली हवा बाहेर ढकलली जाते ते एक, आणि उपाशी जंतू जागे होतात ते दुसरं. पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर काम करणाऱ्या बर्च यांनी १९५८ मध्ये याच्यावर लिहिलं, म्हणून याला बर्च इफेक्ट म्हणतात. मृगाच्या पहिल्या सरीला आपण वास घेत उभे असतो तेव्हा खाली हेच चालू असतं.

काय म्हणालात काका? झाकणाऐवजी टॉवर लावून मोजतात का? हो, तोही लावतात, माणसाच्या उंचीवर सॉनिक ॲनेमोमीटर, म्हणजे आवाजाच्या लहरींनी वारा मोजणारं यंत्र, आणि शेजारी गॅस ॲनालायझर, दोघं मिळून सेकंदाला १०-२० वेळा वारा आणि गॅस मोजतात, झाकण नाही, ठोकाठोकी नाही, सगळ्यात छान. फक्त त्याला वारा लागतो. रात्री झाडांखाली पान हलत नाही, थंड हवा उतारावरून पाण्यासारखी ओघळून घाटात जाते आणि गॅस टॉवरला न भेटताच तिच्यासोबत निघून जातो. मग टॉर्च घेऊन, श्वास रोखून, परत आपल्या पाइपकडेच.