मागं बसवायचं इंजिन : जळगावच्या पोरांशी मारलेल्या गप्पा

नमस्कार मंडळी. सरांनी माझी ओळख तज्ज्ञ म्हणून करून दिली, ते जरा जास्तच झालं. मी एमआयडीसीत फॅब्रिकेशन करणारा माणूस, पाइपचं चेसिस आणि वरून फायबरची बॉडी अशी एक दोन सीटची गाडी बनवली, इंजिन सीटच्या मागे, आणि त्यातलं मारुती ८०० चं इंजिन मागच्या मे महिन्यात स्वतःच्या हातानं उकळवून मारलं, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे.

आता दुसरं कोणतं टाकायचं? सगळे आधी बीएचपी, म्हणजे इंजिनाची ताकद, विचारतात. मीही तेच केलं. गाडी साडेपाचशे किलो, ८०० चे धरा ३७ बीएचपी, म्हणजे गाडीच्या टनाला ६७ बीएचपी. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनवाल्या, मारुती एस्टीमचं १.३ लिटरचं टाकलं तर ८५, गाडी ५८० किलो झाली तरी टनाला साधारण १४७. १९९६ ची लोटस एलिस ही स्पोर्ट्स कार ७२५ किलोला ११८ बीएचपी होती, टनाला १६३. हे बघून रात्री झोप नाही राव.

आमचे मिस्त्री आबा, त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "इंजिन चांगलं शे भो, पन बसाडशी कोठे?" टेप लावली तर इंजिनाच्या टायमिंग बेल्टचं कव्हर आणि चेसिसच्या पाइपमध्ये दोन बोटं जागा. बेल्ट बदलायचा तर इंजिन खाली उतरवा.

म्हणून आधी गिअरबॉक्स बघा. फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या, गाडीचं आडवं इंजिन गिअरबॉक्ससकट उचलून तसंच मागच्या चाकांकडे नेलं की झाली मिड-इंजिन, म्हणजे सीट आणि मागच्या चाकांच्या मध्ये इंजिन असलेली गाडी, १९७२ च्या फियाट एक्स वन-नाइनमध्ये फियाट १२८ गाडीचं इंजिन असंच मागे नेलं होतं. पण एका पोरानं जागा मिळावी म्हणून सगळा संच फिरवून तोंड मागे करायचं ठरवलं, त्याला म्हटलं बाबा, तुला पाच रिव्हर्स आणि एक फॉरवर्ड गिअर मिळेल. जुन्या होंडाच्या डी आणि बी सिरीजचं इंजिन तर मुळातच उलट फिरतं, त्याला त्याचाच गिअरबॉक्स पाहिजे. आणि गिअर टाकायची जोडणी रॉडची असेल तर ती मागे नेताना जीव जातो, केबलवाला गिअरबॉक्स मिळाला तर तोच घ्या.

डिझेल? मल्टिजेट १.३ या डिझेल इंजिनाला १९० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढ, आहे, पण ब्लॉक बिडाचा, वर टर्बो आणि इंटरकूलर. मागच्या चाकांवर एवढं ओझं टाकून मग वळणात गाडीला शिव्या द्यायच्या, कशाला?

भंगारातून इंजिन घेताना ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), पूर्ण वायरिंग, चावी आणि इमोबिलायझर (चुकीच्या चावीला इंजिन चालू न होऊ देणारं यंत्र) एकाच गाडीचं घ्या. चावी राहिली तर इंजिन शोभेचं.

आता आपल्याकडचा खरा शत्रू, ऊन. रेडिएटर पुढे, इंजिन मागे, मध्ये दोन लांब पाइप, आणि त्यातल्या एका उंच वाकात हवा अडकते. माझं तेच झालं. गेजचा काटा नॉर्मल, कारण सेन्सरभोवती पाणीच नाही, नुसती वाफ. गॅस्केट गेली, हेड वाकलं. आता पाण्याची टाकी सगळ्यात उंचावर, पाइपच्या प्रत्येक वाकाला एक छोटा ब्लीड स्क्रू, आणि पाणी भरताना गाडीचं नाक जॅकवर, स्क्रूतून फुसफुस थांबून सलग धार येईपर्यंत बसून राहायचं. कंटाळा येतो, पण दुसरा उपाय नाही.

शेवटी मी काय टाकलं? जुन्या झेनचं ९९३ सीसी, ५० बीएचपी. ब्लॉक ॲल्युमिनियमचा, बेल्टच्या बाजूला पाना फिरवायला जागा राहिली. हसा हसा. एस्टीमचं इंजिन अजून शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे, चेसिस कापायची हिंमत झाली की बघू.

रस्त्यावर चालवता का, असं कोणीतरी विचारलं. नाही, गाडीत फेरफार करण्यावर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, छोटा हत्तीवर घालून आणलीय. पार्किंगमध्ये उतरवलीय, मागचं झाकण उघडंच आहे, या बघायला. सायलेन्सरला हात लावू नका, आत्ताच बंद केलीय.