बाजारात घडलेला कायदा

(दृश्य: प्रोव्हँची तटबंदी, मग दगडी तळघरं)

फ्रान्सच्या जुन्या शांपेन प्रांतातलं हे प्रोव्हँ. बाराव्या-तेराव्या शतकात फ्लँडर्सचं, म्हणजे मुख्यतः आजच्या बेल्जियमकडचं, लोकरी कापड आणि इटालियन व्यापाऱ्यांचे मसाले इथं येत, आणि माल अशा तळघरांत उतरे. या कमानींची रुंदी बघा. प्रोव्हँ, त्र्वा, लान्यी, बार-स्युर-ओब या चार गावांत मिळून वर्षाला सहा जत्रा भरत. एक उठली की दुसरी.

इटलीतल्या जिनोआचा व्यापारी, फ्लँडर्समधल्या गेंटचा कापडवाला. भाषा वेगळी, नाणं वेगळं, राजाही वेगळा. उधारी बुडाली तर दाद कुणाकडे मागायची?

वाट निघाली रिवाजातून. जत्रेच्या अखेरीस एकमेकांचं येणं-देणं वजा करायचं, उरलेलंच रोख मोजायचं किंवा पुढच्या जत्रेवर ढकलायचं. तंटा झाला तर जत्रेचे अधिकारी ऐकत आणि निकाल झटपट देत, कारण वादी-प्रतिवादी दोघांनाही पुढचा रस्ता धरायचा असे. देणेकरी पळालाच, तर पत्र त्याच्या गावाला जाई. गावानं वसुली करून दिली नाही, तर तिथल्या सगळ्याच व्यापाऱ्यांना जत्रा बंद! मग गावच त्याच्या मानगुटीवर बसे. अधिकारी शांपेनच्या काउंटचे, म्हणजे तिथल्या सरंजामी सत्ताधीशाचे होते, हे मान्य. पण ज्या चालीरीतींवर ते निवाडा करत, त्या बाजाराच्याच.

(दृश्य: व्हॅलेन्सिया, रेशीमबाजाराचं सभागृह, पीळदार खांब)

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाला 1283 मध्ये समुद्री व्यापाराचं स्वतंत्र न्यायपीठ मिळालं. निवाडा करणारे त्याच धंद्यातले. वादळात जहाज वाचवायला माल फेकावा लागला, तर तोटा सगळ्यांनी वाटून घ्यायचा, हा रोमन काळापासूनचा नियम त्यांना तोंडपाठ असणार. ही इमारत दोनशे वर्षांनंतरची. भिंतीवरची सोनेरी लॅटिन अक्षरं सांगतात: जो बोलण्यात फसवत नाही, दिलेला शब्द मोडत नाही, व्याजानं पैसा लावत नाही, त्याला संपत्ती मिळेल आणि शाश्वत जीवनही. व्याजाची अट किती जणांनी पाळली, ते भिंत सांगत नाही.

(दृश्य: कंटेनर बंदर)

पुढे राज्यांनी हे रिवाज आपल्या कायद्यांत ओढून घेतले. फ्रान्सनं 1673 मध्ये, इतरांनी मागाहून. विसाव्या शतकात व्यापारी पुन्हा आपले नियम लिहू लागले: पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाच्या 1936 च्या इन्कोटर्म्स अटी (मालाच्या वाहतुकीचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे कुठे जाते, ते ठरवणाऱ्या) आजही, सुधारून, करारांत येतात. 1958 च्या न्यूयॉर्क करारामुळे लवादाचे निवाडे परदेशातही बजावता येतात. सुनावणी मात्र बहुधा बंद दाराआड होते, आणि तिचा खर्च लहान व्यापाऱ्याला क्वचितच झेपतो.