आधी सारण, मग साचा

अध्यक्षांनी मला चाळीस मिनिटं दिली होती. त्यातली बारा सत्काराची शाल शोधण्यात गेली. म्हणून आधीच सांगून ठेवतो, विषय अर्धवट राहिला तर दोष शालीचा. 'छोट्या ऑनलाइन धंद्यासाठी टेम्पलेट कसं निवडावं' असं पत्रिकेत छापलंय. टेम्पलेट म्हणजे वेबसाइटचा तयार साचा. तेही सांगतो, पण आधी माझ्या वहिनींचं ऐका.

वहिनी नागपूरच्या महाल भागात राहतात. उन्हाळा लागला की त्यांच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नसते. कुरडया, सरगुंडे, मुंगवड्या, ज्वारीच्या पापड्या. नागपूरच्या उन्हाला आपण शिव्या घालतो, पण वाळवणाला त्याच्यासारखं दुसरं ऊन नाही. पुण्यामुंबईची गिऱ्हाइकं होतीच, म्हणून मी म्हटलं, वहिनी, साइट मी करून देतो.

टेम्पलेट मीच निवडलं. निवडलं कसलं, डेमो, म्हणजे नमुन्याची साइट, पाहिली आणि भाळलो. डेमो होता सुगंधी मेणबत्त्यांच्या दुकानाचा. पांढरंशुभ्र पान, मधोमध एक मेणबत्ती, खाली दोन शब्दांचं नाव, विकायला एकूण तीन वस्तू. वहिनींकडे सत्तावीस! 'उपवासाच्या साबुदाणा-बटाटा पापड्या, तिखट, अर्धा किलो' हे नाव त्या चौकटीत बसेचना. 'उपवासाच्या साबु' एवढं दिसायचं आणि पुढे तीन टिंबं. मालाखाली साइज निवडायची सोय होती, स्मॉल, मीडियम, लार्ज. ती काढायची राहून गेली. एका बाईंनी लार्ज कुरडया मागवल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ताटाएवढ्या करू का?"

हसा, हसा. पुढचं ऐकल्यावर मात्र हसू नका, कारण यात पैसे गेले. पत्त्याचा फॉर्म अमेरिकेचा. तिथला झिप कोड पाच आकडी, आपला पिन सहा आकडी, १५ ऑगस्ट १९७२ पासून. फॉर्म सहावा आकडा घेईचना. अमरावतीच्या एका काकांनी ४४४६० एवढंच भरलं. पिनचे शेवटचे तीन आकडे म्हणजे पोस्ट ऑफिस. त्यातला एक गेला तर पार्सलानं जावं कुठं? काकांनी फोन करून सांगितलं, "तुमच्या दुकानात माझं गाव मावून नाही राहिलं." इतका नेमका बग-रिपोर्ट, म्हणजे बिघाडाची खबर, मला इंजिनिअरनं कधी दिला नाही.

आणि 'आमच्याविषयी' हे पान! तिथं 'लोरेम इप्सम' तसंच राहिलेलं. इतवारीतल्या एका व्यापाऱ्यानं वहिनींना विचारलं, "तुमचं माहेर आंध्रातलं का?" ते लॅटिन आहे हो. इसवी सनपूर्व ४५ च्या सुमाराचा, सिसरो नावाच्या रोमन लेखकाचा मजकूर, तोडूनमोडून जागा भरायला वापरतात. मूळ शब्द 'दोलोरेम', म्हणजे दुःख. त्याचं डोकं उडवलं की उरतं 'लोरेम'. बिनडोक्याचं दुःख आमच्या पापडांच्या पानावर दोन महिने होतं.

तेव्हापासून माझं एकच म्हणणं आहे, आणि घरचे त्याला कंटाळलेत. करंजीचा साचा आणला म्हणून सारण होत नाही. सारण आधी करा. वही घ्या, सगळ्या मालाची नावं लिहा, वजनं, भाव, फोटो, 'आमच्याविषयी'च्या चार ओळी. मग त्यातलं सगळ्यात लांब नाव आणि सगळ्यात वाईट फोटो डेमोत घालून पाहा. तरी पान बरं दिसलं, तर ते टेम्पलेट तुमचं. शॉपिफाय या ऑनलाइन दुकान उभारायच्या सेवेवर पैशाचं टेम्पलेटसुद्धा विकत घेण्याआधी आपला माल घालून पाहता येतं. साडीच्या दुकानात आपण पदर उलगडल्याशिवाय उठतो का? मग इथंच काऊन घाई करतो?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे आता मूळ विषय.

देवनागरी तपासा. इंग्रजी मथळ्यांत अक्षरं लांब लांब ठेवायची फॅशन आहे. मराठीत तेच केलं की शिरोरेषा तुटते आणि 'पापड'चे तीन तुकडे होतात. ओळी फार जवळ असतील तर वेलांट्या आणि उकार कापले जातात. 'मुक्ता'सारखा मोफत फॉन्ट घाला, प्रश्न बराचसा मिटतो.

पान मोबाइलवर उघडून पाहा, तेही घरच्या वायफायवर नको, सीताबर्डीच्या बाजारात उभं राहून मोबाइल डेटावर. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा असं गूगल म्हणतं. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवला तर ते विसरा.

साइट वर्डप्रेस या मोफत सॉफ्टवेअरवर करत असाल तर चोरीचं, 'नल्ड' टेम्पलेट घेऊ नका. त्यात बऱ्याचदा दुसऱ्याचा कोड लपवलेला असतो. वर्डप्रेसच्या स्वतःच्या संग्रहात फुकटची भरपूर आहेत. आणि फेरफार करायचे तर चाइल्ड थीममध्ये, म्हणजे मूळ टेम्पलेटवर बसणाऱ्या वेगळ्या थरात करा; थेट मूळ फायलींत केलेत तर पुढच्या अपडेटला सगळं पुसून जातं.

पानाच्या तळाची पट्टी, म्हणजे फूटर, रिकामी ठेवू नका. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत. धंद्याचं नाव, पत्ता, तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. तक्रार आली की ४८ तासांत पोच, महिन्याभरात निपटारा. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर. विदेशी डेमोत याला जागाच नसते, ती आपण करायची.

परत माल घ्यायची अटही लिहा. फुटलेल्या पापडाचं काय, हे वहिनींना पहिल्याच महिन्यात... बरं बरं, घंटा वाजली. पिनचा रकाना सहा आकड्यांचा झालाय, काकांना मुंगवड्या पोचल्या. माइक त्या दुसऱ्या रांगेतल्या काकूंकडे द्या, त्यांचा हात मघापासून वर आहे.