भोंगा, मंदिर आणि मोगरी

[पहाट. बोरी नदीचं पात्र, पलीकडे जुनी घरं.]

अमळनेरात आधी भोंगा वाजायचा, मग चुली पेटायच्या. "भोंगा वाजना, ऊठ!" अशी घरातून हाक जायची आणि पहिल्या पाळीचे कामगार डबे घेऊन प्रताप मिलच्या वाटेला लागायचे.

काळी माती, तिच्यातला खान्देशी कापूस आणि दाराशी सुरत-भुसावळ रेल्वे. श्रीमंत प्रताप शेठ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही गिरणी उभी केली. आज मिल बंद आहे.

[तत्त्वज्ञान मंदिराची इमारत.]

मला या गावात पुन्हा पुन्हा ओढून आणते ती मात्र ही वास्तू. सुताच्या पैशातून शेठजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर काढलं. मुंबई-पुण्यात नाही, कापसाच्या गावात! वेदान्ताच्या अभ्यासासाठी लांबलांबून माणसं इथे येऊन राहिली. त्यांतलाच एक तरुण, पांडुरंग सदाशिव साने. १९२४ मध्ये ते इथल्या शाळेत शिक्षक झाले, वसतिगृह सांभाळू लागले. मुलं वर्गात गेली की गुपचूप त्यांच्या खोल्या झाडायचे, कपडे धुवायचे. 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून मुलांना वाचायला ठेवायचे. रोज! १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. साऱ्या महाराष्ट्राचे साने गुरुजी घडले ते या गल्ल्यांत.

१९४५ च्या डिसेंबरात इथेच वनस्पती तुपाचा कारखाना काढणारी कंपनी सुरू झाली. तीच आजची विप्रो. गावात कित्येक घरांत तिचे शेअर आहेत.

[वैशाख शुद्ध एकादशी, रात्र. रथाची चाकं, अगदी जवळून.]

संत सखाराम महाराजांच्या यात्रेत लालजींच्या मूर्तीचा रथ निघतो. रथ लाकडी, अवजड. जुन्या गावातले रस्ते अरुंद. वळतो कसा? या माणसाचे हात बघा. फिरत्या चाकाखाली तो मोगरी सरकवतो, लाकडाचा साधा ठोकळा, आणि बोटं चटकन मागे घेतो. चाक तिच्यावर करकरतं, रथ थोडासा कलतो, वळतो. पुन्हा मोगरी, पुन्हा "ओढा!" चा आवाज. बाजूच्या ओट्यांवर बायाबापड्या हात जोडून उभ्या.

रथ वाडीत, म्हणजे महाराजांच्या संस्थानात, परततो तोवर उजाडू लागलेलं असतं. पहिल्या पाळीच्या भोंग्याची ही वेळ.