सुरतेची चांदी आणि पोटोसीचा डोंगर

कार्यक्रमपत्रिकेत विषय सुरतेच्या चांदीचा आहे, पण सुरतेला आपण बोलिव्हियावरून जाणार आहोत.

पोटोसी हे बोलिव्हियातलं खाणींचं शहर, चार हजार मीटरच्या वर आहे. हॉटेलचा जिना चढतानाही धाप लागते. तिथे कोकाच्या पानांचा चहा देतात, तो जरूर घ्यावा. गावावर 'सेरो रिको' उभा आहे. नावाचा अर्थ श्रीमंत डोंगर. बोलिव्हियाच्या राजमुद्रेवरही तोच आहे. 1545 मध्ये इथे खाणकाम सुरू झालं आणि पाऊणशे वर्षांच्या आत वस्ती दीड लाखाच्या पुढे गेली.

आता माझी तक्रार ऐका. 1773 मध्ये पुरी झालेली टांकसाळ आम्हाला गाइडनं दाखवली. नाण्यांच्या कपाटांपुढे तासभर, आणि लाकडी यंत्रांपुढे 'चला, चला'! मी तिथून हललो नाही. माणसाहून उंच दातेरी चाकं, स्पेनमधून आणलेली, तुळयांसारख्या जाड लाकडाची. खाली खेचरं गोल फिरायची आणि वरच्या मजल्यावर चांदीची पट्टी लाटली जायची. आपल्या तेलघाण्याला बैल फिरतो ना, तसंच. मी एका दात्यावर हात ठेवला. त्याची कड बोटांना गुळगुळीत लागली. इतिहास हाताला लागतो तो असा, आणि नेमकं तेच घाईत उरकायचं? मला अजून वाईट वाटतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येतो.

ही चांदी वर काढली कोणी? 1570च्या दशकात स्पेनच्या राजाचा इथला व्हाइसरॉय तोलेदो, त्यानं 'मिता' लावली. शब्द इंका काळातला, आळीपाळीनं करायच्या कामाचा. तोलेदोच्या हातात त्याची वेठ झाली. दरवर्षी सुमारे 13,000 आदिवासी पुरुष गावं सोडून इथे यायचे. खनिजाचं ओझं पाठीवर घेऊन शिड्या चढायच्या. दळलेल्या खनिजात पारा कालवून तो चिखल अनवाणी तुडवायचा.

तिथून चांदी स्पेनला, मग युरोपभर, आणि कंपन्यांच्या जहाजांतून सुरतेला. आपल्याकडे चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्याच. सुरतेच्या टांकसाळीत परदेशी रियाल, म्हणजे स्पेनची चांदीची नाणी, वितळवून मुघल रुपये पाडले जात. त्यात पोटोसीची चांदी किती, मेक्सिकोची किती, हे एकदा वितळल्यावर वेगळं काढता येत नाही. पण 1664 मध्ये महाराज सुरतेवर गेले, तेव्हा तिथल्या पेढ्यांमधल्या चांदीला या डोंगराचा वास होता, असं मी ठामपणे म्हणतो. सुरतेचा धडा शिकवताना शेजारी दक्षिण अमेरिकेचा नकाशा टांगा, एवढंच माझं शिक्षकांना मागणं आहे.

डोंगरात आजही सहकारी संस्थांचे कामगार उतरतात, जस्त आणि चांदीसाठी. आतून तो इतका पोखरलाय की माथाच खचू लागला. 2014 मध्ये युनेस्कोनं पोटोसीला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं. जाणार असाल, तर टांकसाळीला अख्खी सकाळ द्या आणि गाइडला आधीच सांगून ठेवा, चाकांपाशी आम्ही थांबणार आहोत.