पडशी आणि पेटी

(पहाट. जमिनीवर पसरलेली ताडपत्री, तिच्यावर ओळीने मांडलेलं सामान.)

तंबू. स्लीपिंग बॅग. पंक्चरचं किट, हातपंप, दोन टायर लिव्हर. एक पातेलं, त्याच्या पोटात बसलेला स्टोव्ह. कपड्यांचे तीन जोड. रेनकोट सगळ्यात वर, कारण तो सगळ्यात आधी लागणार.

मोटरसायकलवर लांब निघण्यापूर्वी सगळं असं उघड्यावर मांडायचं, ही तिची पहिल्या प्रवासापासूनची सवय. बॅगेत गेलेलं ओझं डोळ्याआड होतं, ताडपत्रीवरचं होत नाही. बघा, कपड्यांचा तिसरा जोड तिने उचलला. बाजूला ठेवला. आता हात पातेल्याच्या झाकणावर थांबलाय.

झाकणही गेलं.

(मैदान. रांगेने उभ्या मोटरसायकली. फोनवरचे फोटो एकमेकांना दाखवणारे हात.)

अ‍ॅडव्हेंचर टूरिंगच्या, म्हणजे सामान लादून रस्त्यावर आणि रानातही लांब जायच्या गाड्या बाळगणारी माणसं एकत्र आली, की गाडी शेजारी उभी असूनही आधी फोटो निघतात. कारण धुतलेली, रिकामी गाडी ही त्यांच्या लेखी अर्धी गाडी. फोटोतली भरलेली असते. चिखल चाकापासून सीटपर्यंत, मागे तंबूची वळकटी, दोन्ही बाजूंना सामान. फोटो पुढे सरकतो, कोणीतरी दोन बोटांनी तो मोठा करून बघतो, आणि प्रश्न येतो : हे बांधलंय कशाने?

मग तासभर तेच चालतं. पेटी बरी की बॅग बरी.

(जुन्या गाडीचा क्लोज-अप. टाकीवरचा उडालेला रंग.)

या जातीच्या गाड्यांचा वंश बहुतेक जण १९८० सालच्या बीएमडब्ल्यू आर ८० जी/एस पासून मोजतात. जी म्हणजे गेलेंड, मोकळं रान. एस म्हणजे श्ट्रासे, रस्ता. जवळपास ८०० सीसीचं इंजिन, लांब सस्पेन्शन, आणि मागचं चाक एकाच बाजूने धरलेलं. १९८१ मध्ये ह्यूबेर ओरिओलने अशाच गाडीवर पॅरिस-डकार ही शर्यत जिंकली. १९८३ मध्ये सहारातल्या वाळवंटाचं नाव घेऊन यामाहाची टेनेरे आली, १९८८ मध्ये होंडाची आफ्रिका ट्विन.

रूप शर्यतीतून आलं, काम मात्र वेगळं पडलं. शर्यतीतल्या स्वाराचं सामान सहसा मदतीच्या गाड्यांतून पुढच्या मुक्कामाला जातं. या मैदानातल्या माणसाचं घरदार त्याच्याच मागच्या चाकावर असतं.

(अ‍ॅल्युमिनियमच्या पेट्या. स्टिकर, पोचे, ओरखडे. उन्हात चमकणारा कोपरा.)

गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या या पेट्यांना पॅनियर म्हणतात. शब्द फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधली भाकरीची टोपली आहे. आपल्याकडे यासाठी जुना शब्द आहे, पडशी. मध्ये घडी, दोन्ही टोकांना पोट. खांद्यावर टाका, नाहीतर घोड्याच्या पाठीवर. वजन दोन्हीकडे सारखं आणि पाठीला लागून. बाजूच्या सामानाची खरी युक्ती तेवढीच आहे, आणि ती घोड्यांच्या काळातच सापडली होती.

पेटीची बाजू घेणारे काय म्हणतात तेही ऐकू. कुलूप लागतं. पाऊस आत येत नाही. मुक्कामाला तिचं स्टूल होतं, टेबल होतं, तिच्यावर भांडी ठेवता येतात. आणि फोटोत ती दिसते देखणी.

(लाकडी हातोडा. आतून लावलेला ओंडका. ठोकण्याचा आवाज.)

हा कोपरा काल दगडावर आपटला. प्लॅस्टिकची पेटी असती तर तडा गेला असता. अ‍ॅल्युमिनियम वाकतं, आणि वाकलेलं परत आणता येतं. आधी पेटी रिकामी करायची. आतून लाकूड टेकवायचं. मग बाहेरून हलक्या हाताने, पोच्याच्या कडेकडून मध्याकडे ठोकत यायचं. थेट मध्यावर घाव घातला तर पत्रा ताणला जातो आणि पुन्हा सपाट होत नाही. सगळ्यात नाजूक असते ती वरची कड, कारण झाकणाचं रबर तिच्यावरच बसतं. कड जराशी लवली, तरी पाणी वाट काढतं. म्हणून गाडीवाला दर चार घावांनी झाकण लावून बघतोय. कान लावून ऐकतोय. रबर सगळीकडे सारखं दबलं, की झाकण बसल्याचा आवाज बदलतो.

आता बसलं.

(पेटीतून काढलेला पांढरा शर्ट, त्यावर करडे डाग.)

हा डाग तेलाचा नाही. रस्त्याच्या थरथरीने सामान अ‍ॅल्युमिनियमवर घासत राहतं आणि पत्र्याची करडी भुकटी कपड्यांत शिरते. त्यासाठी आत कापडी बॅग घालावी लागते. म्हणजे पेटीत बॅग. मग बॅगच का नको, हा प्रश्न आम्हाला इथे पहिल्यांदा पडला.

(वजनकाटा. रिकामी पेटी काट्यावर.)

थोडा हिशोब करू. बीएमडब्ल्यू आर १२५० जीएस अ‍ॅडव्हेंचर, इंधनासकट २६८ किलो. कंपनीने ठरवून दिलेलं एकूण वजन ४८५. मध्ये उरले २१७. हेल्मेट, जॅकेट, बूट घातलेला स्वार ९५ धरा, मागे बसणारं माणूस ७५. शिल्लक ४७. त्यातून दोन रिकाम्या पेट्या आणि त्यांची चौकट मिळून पंधरा किलो सहज जातात, एकही कपडा भरायच्या आधी. शिवाय कित्येक पेट्यांवर लिहिलेलंच असतं की एका बाजूला १० किलोच्या वर भरू नका. वाचतं कोण?

(एक फोटो. गाडी मागे बसलेली, पुढचं चाक हलकं.)

हा फोटो एका स्वाराने कौतुकाने दाखवला, आम्हीही आधी कौतुकानेच पाहिला. मग मागची स्प्रिंग बघा. पुरती दबलीय. सीटमागच्या टॉप बॉक्समध्ये जड सामान, तेही मागच्या आसाच्या पलीकडे. सी-सॉवर टोकाला बसल्यासारखं ते पुढचं टोक उचलतं. पुढचं चाक हलकं होतं, वेगात हँडल डुलायला लागतं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवला, टायरमध्ये हवा वाढवली तर थोडं सावरतं. खरा उपाय मात्र सामानाची जागा बदलण्याचा. जड वस्तू खाली, पुढे, स्वाराच्या मांडीजवळ. हत्यारं आणि पाणी तिथे. टॉप बॉक्समध्ये फार तर रेनकोट.

(खडीचा रस्ता. उभी गाडी. स्वार पाय टेकवून दाखवतो, पुन्हा, पुन्हा.)

हे नीट बघा. खडीत गाडी कलली की पाय आपोआप खाली जातो. आपण विचार करत नाही, तो जातोच. गाडी पुढे सरकत असते, म्हणून टेकलेला पाय मागे राहतो. आणि मागे, बरोबर पोटरीच्या उंचीला, काय आहे?

पेटीची खालची कड.

असाच पाय अडकून या स्वाराच्या डाव्या नडगीतली दोन्ही हाडं मोडली. त्या दिवशी वेग चालण्याइतकाच होता. पुढच्या फोटोंत पेट्या दिसत नाहीत.

(कापडी बॅगा. दोन हात बॅगेचं तोंड गुंडाळताना.)

या बॅगा जाड, पाण्याला दाद न देणाऱ्या कापडाच्या. तोंडाला चेन नाही. आतली हवा गुडघ्याने दाबून बाहेर काढायची, दोन्ही कडा जुळवायच्या, आणि तीनदा गुंडाळायच्या. एकदा गुंडाळून पाणी थांबत नाही. तीन वेढ्यांनंतर नदी ओलांडली तरी आत कोरडं राहतं. गाडी पडली तर बॅग चेपते, पायाला जागा देते. फाटली तर ठिगळ लावून पुढे निघता येतं.

दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. सायलेन्सरच्या बाजूला पत्र्याची आड हवी, नाहीतर बॅग वितळते. आणि पट्ट्याचं मोकळं टोक कुठेही लोंबता कामा नये. ते गाडीच्या चेनमध्ये किंवा चाकात गेलं, तर बाकी सगळी काळजी वाया. बॅग ब्लेडने कापून चोरी होऊ शकते, हेही खरंच. पण कागदपत्रं आणि पैसे टाकीवरच्या सुट्या टँक बॅगेत ठेवून स्वतःबरोबर नेता येतात. पाय असा काढून सुरक्षित ठेवता येत नाही.

(पुन्हा पहाटेची ताडपत्री. आता जवळजवळ रिकामी.)

डावी बॅग भरली. उजवी भरली. एकेका हातात एकेक धरून ती थोडा वेळ नुसती उभी आहे. काटा नको, हाताला कळतं. उजवी जड. हातपंप इकडून तिकडे गेला.

आता सारखं.

(गाडी उभी. मागे उजाडणारं आकाश. ती फोन घेऊन चार पावलं मागे जाते.)

फोटोसाठी पुढचं चाक किंचित वळवलं. मागे गेली, फोन डोळ्यांसमोर धरला. मग खाली केला. परत गाडीजवळ आली, वाकली, आणि उजव्या पट्ट्याचं सुटलेलं टोक आत खोचलं.

(शटरचा आवाज.)