जंतांची चाहूल आणि आतड्याचे अस्तर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या लहान आतड्याचे अस्तर साधारण तीन ते पाच दिवसांत नवे होते. अस्तरातील बारीक खाचांच्या तळाशी असलेल्या मूलपेशी सतत विभागत राहतात आणि त्यांच्यापासून अन्नरस शोषणाऱ्या, श्लेष्मा स्रवणाऱ्या अशा निरनिराळ्या पेशी घडतात. कोणत्या पेशी किती घडाव्यात, हे ठरवण्यात अस्तराखाली वावरणाऱ्या रोगप्रतिकारक पेशींचाही हात असतो, आणि मला आज बोलायचे आहे ते त्याविषयीच.

याचे चांगले उलगडलेले उदाहरण जंतांचे आहे. आतड्याच्या अस्तरात टफ्ट पेशी नावाच्या, माथ्यावर ताठ तंतूंचा झुपका असलेल्या विरळ पेशी असतात. 1950च्या दशकात त्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या खऱ्या, पण त्या तेथे करतात काय, हे कोडे पुढे कित्येक दशके सुटले नाही. जिभेवर कडू-गोड ओळखणाऱ्या यंत्रणेतील रेणू त्यांच्यातही सापडले, तेव्हा त्या कशाची तरी चव घेत असाव्यात, एवढा अंदाज आला. अखेर 2016 मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील रिचर्ड लॉक्सली, फ्रान्समधील माँपेलिए येथील फिलिप जे आणि बॉस्टन येथील वेंडी गॅरेट यांच्या गटांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्याचा उलगडा केला.

टफ्ट पेशींना परजीवीची चाहूल लागते. त्यांच्याकडून येणारे इंटरल्यूकिन-25 हे प्रथिन अस्तराखालच्या ‘गट दोन’च्या उपजत लसिकापेशी नावाच्या रोगप्रतिकारक पेशींना जागे करते, या लसिकापेशी इंटरल्यूकिन-13 सोडतात, आणि ते थेट खाचांच्या तळापर्यंत पोहोचल्यामुळे तेथून पुढे टफ्ट पेशी आणि श्लेष्मा स्रवणाऱ्या चषकपेशीच अधिक प्रमाणात घडू लागतात. टफ्ट पेशी वाढल्या की इंटरल्यूकिन-25 वाढते, म्हणजे चक्र आणखी वेग घेते. आठवडाभरात अस्तराची घडणच पालटते, श्लेष्माचा लोंढा येतो, आतड्याचे स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि जंत बाहेर ढकलले जातात. टफ्ट पेशी नसलेल्या उंदरांत मात्र ते रेंगाळतात. मला यातले विशेष वाटते ते हे, की या लसिकापेशी जंतावर स्वतः चाल करून जात नाहीत. त्या जंताची राहण्याची जागाच बदलून टाकतात.

अर्थात प्रयोगातील उंदरांचा जंत दीड आठवड्यात हार मानतो, तर माणसाच्या आतड्यातला गोलकृमी वर्ष-दोन वर्षे ठाण मांडून बसतो. त्यामुळे शाळा-अंगणवाड्यांतून दिली जाणारी अल्बेंडॅझोलची गोळी मुलांना घ्यावीच लागते.